रामाला सांगितलेलं नाव

माझी धाकटी जाऊ नागपूरला राहायची आणि तिच्याकडची फोनची लाइन कधी बंद पडत नसे. एवढं साधं वाक्य लिहितानाही माझ्या कपाळाला आठी पडते.

मी बालाघाटात घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. आमच्या भागाला इंटरनेट दाखवलं ते मीच, असा माझा समज होता आणि तो कोणी खोडलेला मला खपला नसता. मला एकच गोष्ट हवी होती. गावाचं नाव, मग टिंब, मग देशाची दोन अक्षरं, इन. असा पत्ता आणि त्यावर माझ्या हातची पानं.

पण ती दोन अक्षरं बरीच वर्षं आपल्यासारख्यांना मिळतच नव्हती. त्यासाठी कंपनी हवी, संस्था हवी, कागदपत्रं हवीत. बाकीच्यांनी मुकाट्यानं डॉट कॉम घ्यायचं. आपल्याच देशाची पाटी आपल्या दारावर लावायची सोय नाही, याचा मला भारी राग यायचा. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाल्यावर नियम बदलले. आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी, ती संपली की सगळ्यांना. जो पहिला मागेल, नाव त्याचं.

तो दिवस उजाडला तेव्हा मी आंघोळ करून कॉम्प्युटरपुढे बसलेच होते. सासूबाईंनी उठवलं. आमच्या घरात नवी वस्तू आधी रामपायलीच्या रामाला दाखवायची, मगच वापरायची. स्कूटर गेली, मिक्सर गेला. कॉम्प्युटर आणला तेव्हा तो बसमधून कोण नेणार, म्हणून नुसता माउस रुमालात बांधून नेला होता. पुजाऱ्यांनी त्यालाही हळदकुंकू लावलं आणि ते त्याच्या फटीत कितीतरी दिवस राहिलं.

“आधी घेऊन टाकते, मग जाऊ,” मी म्हटलं.

“रामाले न सांगता आजवर काही घेतलं काय आपण?” सासूबाई म्हणाल्या. “नाव नेता येत नाही तं त्याच्यापुढे बोलून ये. काहून एवढी घाई करून राह्यली?”

जाऊ तेव्हा माहेरपणाला आल्यासारखी आमच्याकडे आली होती, तीही निघाली. देवळात सासूबाईंनी मला मोठ्यानं बोलायला लावलं. मी अख्खा पत्ता टिंबासकट रामाला सांगितला. जाऊ शेजारीच होती, नारळ तिच्याच हातात होता. तिथून ती परस्पर नागपूरकडे गेली.

आम्ही घरी आलो तर फोन मेलेला, म्हणजे इंटरनेटही मेलेलं. दुसऱ्या दिवशीही तसाच. लाइन आली तेव्हा मी ते नाव टाकलं, आणि पडद्यावर आलं की हे नाव घेतलेलं आहे. संध्याकाळी जावेचा फोन.

“ताई, तुमची लाइन लागत नव्हती नं, म्हणून मीच घेऊन ठेवलं. दुसऱ्या कोणी नेलं असतं.”

घेऊन ठेवलं. बाजारातून कोथिंबीर घ्यावी तसं. कोणाच्या नावानं, म्हणून विचारलं तर म्हणाली, घाईत स्वतःचंच टाकलं. खरंच घाई असेल. मला ते खरं मानायचं नव्हतं, आजही नाही.

सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. पुढे जावेनं तिथे पानं चढवली. वैनगंगेचे फोटो, रामपायलीचं देऊळ, पाण्यानं भरलेली धानाची बांधी. पानं चांगली होती, आणि माझ्या जिवाचा जळफळाट झाला तो त्यामुळेच. त्याहून वाईट म्हणजे ती पाहायला लोक माझ्याच क्लासात यायचे. “तुमच्या जावेचं ते उघडा न मॅडम,” म्हणायचे, आणि मी ते उघडून द्यायची. हसत. कोणी चूक काढेल म्हणून कान टवकारून उभी राहायची. कोणी काढत नसे.

असं काही वर्षं चाललं. मग एका संक्रांतीला ती हळदीकुंकवासाठी बालाघाटला आली. सगळ्या बायकांना वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. माझ्यापुढे आली ती रिकाम्या हातानं.

“ताईंचं वाण वेगळं आहे,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “ते गावाचं नाव मी त्यांच्या नावावर केलं. मुळात त्यांचंच होतं.”

बायकांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. किती मोठं मन, असं माझ्या कानाशी कोणीतरी म्हणालं. मी पदर पुढे केला, कारण वाण तसंच घेतात. त्या क्षणी मला तिचा जितका हेवा वाटला तितका ते नाव तिच्याकडे असतानाही वाटला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी तिची पानं उतरवून माझी चढवली. सासूबाई चष्मा लावून पाहायला आल्या.

“हे धाकटीनं देलं तेच होय नं?”

“हौ,” मी म्हटलं.

असं नाव कायमचं आपलं होत नाही. मुदत संपत आली की नूतनीकरण करावं लागतं, आणि दर वेळी मनात येतं की जाऊ द्यावं, सुटू द्यावं. पण मी करते. मुदतीच्या कितीतरी आधी करते. कारण मी सोडलं तर काय होईल ते मला पक्कं ठाऊक आहे. नागपूरहून फोन येईल, आणि ती तितक्याच मायेनं म्हणेल, ताई, मीच घेऊन ठेवलं.