बियाला ठेवलेला दोडका

परवा सुट्टी होती म्हणून बाल्कनी आवरायला घेतली. शारजात एप्रिल म्हणजे थंडीतल्या भाज्यांचा शेवट... टोमॅटो उपटले, पालक काढला, रिकाम्या कुंड्या भिंतीच्या सावलीत सरकवल्या. भेंडी आणि चवळी पेरली, वर हिरवी जाळी बांधली. ठिबकचा टायमर पहाटेवर आणला, कारण दुपारी नळीतलं पाणी आता तापायला लागलंय.

दोडक्याचा वेल मात्र तसाच ठेवला. पानं अर्धी पिवळी, नवं फूल एकही नाही. हिशोबाने तो सगळ्यात आधी जायला हवा होता.

वेल आईचा आहे. ती थंडीत पुण्याहून माझ्याकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "तुमच्या या वाळूत काही लागत नाही. पुढच्या वर्षी मी इथे येऊन करू काय?" बोलण्यात राग नव्हता. मी दिवसभर ऑफिसात, घरी ती आणि एसी...

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर आहे. बोलून पटवणं मला जमत नाही. रोल्लाच्या बाजारात जाऊन मोठा टब, माती आणि दोडक्याचं बी घेऊन आले आणि तिच्यासमोर ठेवलं.

वेल ग्रिलवर चढला, फुलं आली. मादी फुलामागे बोटाएवढा दोडका दिसायचा आणि दोन-तीन दिवसांत पिवळा पडून गळायचा. प्रत्येक वेळी आई म्हणायची, "खलास." शब्द आपल्याकडचाच, पण उठताबसता म्हणायची सवय तिने खालच्या अरबी बोलणाऱ्या किराणावाल्याकडून उचलली होती आणि तिला ती फार आवडली होती.

तिचं निदान ठाम होतं. मी बोट दाखवते म्हणून गळतात. कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नाही, दाखवायचंच तर मुडपून...

"आई, दोडक्याला दिसत नाही."

"मला दिसतं ना."

माझं निदान वेगळं होतं. सहाव्या मजल्यावर मधमाश्या येत नाहीत. त्यामुळे रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी मी मऊ ब्रशने नर फुलातले पराग मादी फुलाला लावत होते. काकडीचा व्हिडिओ बघून शिकले होते. फुलं मलूल दिसायची, ते मी उन्हावर ढकललं.

गळणं थांबलं नाही. आईचं परतीचं तिकीट जवळ येत होतं. दर वेळच्या त्या "खलास"मध्ये मला तिचं पुढच्या वर्षीचं उत्तर ऐकू यायचं.

मग रमजान लागला आणि ऑफिस लवकर सुटायला लागलं. एका संध्याकाळी इफ्तारच्या आधीच घरी पोचले. आई खाली बाकावर तिच्या नव्या मैत्रिणींबरोबर बसली होती. मी वाळत घातलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले... आणि समोर सगळा वेल पिवळाधमक. माझ्या डोळ्यांसमोर आणखी एक फूल उघडत होतं.

दोडका संध्याकाळी फुलतो. इतके दिवस मी आदल्या दिवशीच्या, संपलेल्या फुलांना ब्रश लावत होते.

आईला फोन करून वर बोलावलं. "मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी दोडका मंडईतच बघितलाय." खालच्या मशिदीत अजान सुरू झाली तेव्हा ती मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती आणि मी एकेका फुलाला ब्रश लावत होते. त्यातून दोन दोडके धरले.

"बघ, बोट दाखवायचं बंद केलंस आणि लागले," आई म्हणाली.

ती निघायच्या आदल्या दिवशी एक दोडका काढला. त्याची भाजी झाली, शिरांची चटणी झाली. दुसऱ्याला कात्री लावणार, तेवढ्यात बॅग भरता भरता तिने आतून हाक मारली.

"तो राहू दे. पहिल्या लागलेल्यांतला एक बियाला ठेवतात. वेलावर पूर्ण वाळला पाहिजे."

"मग बी कधी काढू?"

"तू नको काढूस, सांडून ठेवशील. मी आल्यावर काढते."

आणि तिने बॅगेची चेन ओढली. मी कात्री जागेवर ठेवली.

तर परवा सगळं आवरून झाल्यावर शेजारच्या केरळी ताईने, आमच्या चेचीने, तिच्या बाल्कनीतून विचारलं, बाकी सगळं काढलंस, मग हा वाळका वेल कशाला ठेवलास? मी म्हटलं, हा काढायचा नाही, आईचा आहे. वर पानांमागे लपलेला दोडका तिला दाखवला. अजून पुरता वाळलेला नाही, त्यामुळे ठिबकची एक नळी त्याच्यासाठी चालू आहे.

दाखवताना बोट मुडपलेलं होतं. उगीच धोका कशाला घ्या.