खंडू मिस्त्री आणि माझी मुकी गाडी

खंडू मिस्त्रींना ऐकण्याचा भारी नाद, पण माणसांचं नव्हे. ओतूरच्या एसटी स्टँडमागे त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींवरच्या बिघडलेल्या मोटरी तिथे यायच्या. मिस्त्री हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक चालू मोटरीला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी खोकला तरी त्याची धडगत नसे. "गप रं! ती काय म्हनती ते ऐकू दे."

जळालेली मोटर चालणार कशी? तिचा ते वास घ्यायचे. मालक शेजारी उभा राहून सांगत असायचा, "काय केलं न्हाई मिस्त्री, आपोआप बंद पडली." मिस्त्री झाकण उघडायचे, नाक आत घालायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "तीनातली एक फेज गेली व्हती. तू दोनावरच चालवलीस."

"देवाशपथ न्हाई!"

"मंग दोन कॉइली काळ्या अन् एक गोरी कशी? ही काय सावलीत बसली व्हती?"

मालक पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागे. मग मिस्त्री त्यांचं ठरलेलं वाक्य टाकायचे, "मोटर खोटं बोलत न्हाई राव, मालक बोलतो." सगळा तालुका या माणसाला टरकून होता. बायकोपासून लपवलेलं मिस्त्रींपासून लपत नाही असं लोक म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या गाडीमुळे. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. मी मढच्या शाळेत गणित शिकवायची. ओतूरहून मढ वीस-बावीस किलोमीटर. एसटीची पायरी चढायची म्हणजे रोज कुणीतरी वरून ओढायचं आणि कुणीतरी खालून ढकलायचं. तिसरीतल्या पोरांसमोर कंडक्टरने मला पोत्यासारखं उचललं त्या दिवशी मी ठरवलं, बास झालं. पुण्यात तेव्हा बॅटरीवर चालणाऱ्या दोन दारांच्या छोट्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. क्लच नाही, गिअर नाही, डाव्या पायाला कामच नाही. त्यातली एक जुनी मी घेतली.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती अंगणात बघितली आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. "ही गाडी हाय का डबा?" म्हणाले. पण माझ्या हट्टापुढे त्यांचं चालेना, तेव्हा त्यांनी अट घातली. "सुमे, ज्या दिवशी हिला दोर लावून घरी आनावं लागंल, त्या दिवशी ही विकायची. अन् नोकरी सोडून तू पुन्याला थोरल्याकडं जायचं. रस्त्यात एकली अडकलीस तर जीवाला घोर आमच्या." थोरल्याकडे म्हणजे भावाच्या घरी, त्याची पोरं सांभाळत. मी लगेच कबूल झाले. अटी मान्य करताना माझी जीभ नेहमीच पायापेक्षा जोरात धावते.

आठवड्याभरात गाडीतून चिर्रचिर्र आवाज यायला लागला. मी ती मिस्त्रींच्या दारात उभी केली. ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाहेर आले, टोक गाडीला लावलं, डोळे मिटले. बराच वेळ गेला. डोळे उघडून हळू आवाजात म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. गाडी मेली."

"मेली नाही. चालू आहे."

"चालू? मंग बोलत का न्हाई?"

मी गाडी चार हात पुढे घेतली. मागून मोटरीचा घूंऽऽ असा आवाज आला आणि मिस्त्रींचा चेहरा असा काही उजळला, जणू माहेरचं माणूस भेटलं. "आरं तिच्या! हिच्यात इंजिनच न्हाई, नुसती मोटर! ही तर आपली निगाली!"

पण उभी असताना ही गाडी मुकी, आणि ऐकल्याशिवाय मिस्त्रींचा हात चालेना. मग त्यांनी तोड काढली. मागचा दरवाजा वर उघडा ठेवून ते आत पालथे पडले, कान गाडीच्या तळाला, दोन्ही पाय बाहेर. "चला बाई, दमानं." मी एसटी स्टँडाला फेऱ्या मारत होते आणि मागे धोतरातले दोन पाय हलत होते. सगळं ओतूर गोळा झालं. माझ्या वर्गातल्या एका पोराच्या आईने दुसऱ्या दिवशी फार काळजीने विचारलं, "बाई, काल कुनाला दवाखान्यात न्येलं व्हतं?"

चिर्रचिर्रीचं कारण होतं कार्बन. या मोटरीत पेन्सिलीच्या शिशासारखे कार्बनचे ठोकळे असतात. ते फिरत्या तांब्यावर घासत राहतात आणि त्यांच्यातूनच वीज आत जाते. माझे ते झिजले होते. पुण्याला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, पूर्ण मोटर बदला." हे ऐकून मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. "चप्पल झिजली म्हनून पाय बदलतो का हा?" त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राचा कार्बन आणला, पॉलिश पेपरवर दोन तास घासून मापाचा केला आणि बसवला. गाडी लोण्यासारखी चालायला लागली.

पुढे पाणी शिरलं, बेअरिंग गेलं, सगळं झालं. दर वेळी मिस्त्री पाय बाहेर काढून ऐकायचे आणि दर वेळी मलाच बोलायचे. एकदा मी तीन शिक्षिकांना बसवून चढ चढवला. गाडी तापून मध्येच थबकली आणि अर्ध्या तासाने आपसूक सुरू झाली. मी मिस्त्रींना सांगितलं, "काही केलं नाही हो, आपोआप थांबली." त्यांनी मोटरीला हात लावला, वास घेतला आणि विचारलं, "किती बाया व्हत्या?" गणिताची बाई असूनही माझा आकडा चुकला. मी एक म्हणाले. "एका बाईनं मोटर यवढी तापत न्हाई," मिस्त्री म्हणाले, "मंग ती बाई कितीबी जाड असू द्या."

त्यांची बायको, पारूबाई, आत बसून कॉइलीला वायर गुंडाळत तिचे वेढे मोजत असायची. मोजताना तिला कुणी हाक मारली की सगळं उलगडून पहिल्यापासून. त्यामुळे त्या दुकानात शांतता देवळातल्यासारखी, आणि खरं तर मिस्त्रींना ते देऊळच होतं.

म्हणूनच खंडेनवमीला त्यांनी मला गाडी घेऊन बोलावलं. दुकानापुढे दुरुस्त झालेल्या मोटरी ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीला झेंडूची माळ. माझ्या गाडीला मान पहिला. मी म्हटलं, "बॉनेटवर कुंकू लावा."

"बाई, पत्र्याची काय पूजा करायची? चालवती कोन?" असं म्हणून त्यांनी मागून आत शिरून मोटरीचं झाकण काढलं. कुंकवात भिजवलेल्या अक्षता हातात घेतल्या, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि भक्तिभावाने वाहिल्या. झाकण लावताना एवढ्या समाधानाने माझ्याकडे बघितलं की मलाही भरून आलं. कशाला खोटं सांगू, मी पण हात जोडले.

दसऱ्यानंतर शाळा उघडली. जाताना गाडी नीट गेली. दुपारी परत येताना वाटेतल्या डिंगोरे गावाच्या अलीकडच्या चढावर तिने एक आचका दिला आणि ठप्प. चावी फिरवली, दिवा लागला, पण मोटर हू नाही की चू नाही. मी मिस्त्रींना फोन लावला. आबांना लावायचा प्रश्नच नव्हता, पण त्या रस्त्यावरून जाणाऱ्या जीपवाल्याने ते पुण्यकर्म माझ्या आधीच उरकलं होतं.

मिस्त्री कुणाच्या तरी मोटरसायकलवरून आले आणि थेट गाडीत घुसले. पाठोपाठ आबांचा टोमॅटोचा टेम्पो आला. आबा उतरले ते हातात दोर घेऊनच. शेतातली आठ-दहा माणसंही जमली. त्यांतल्या प्रत्येकाला मिस्त्रींनी कधी ना कधी दोन फेजवर पकडलेलं होतं.

मिस्त्रींचे पाय बराच वेळ हलले नाहीत. मग ते बाहेर आले. उजवी मूठ घट्ट मिटलेली, चेहरा उतरलेला. "झालं. कार्बन अडकला व्हता. आता चालंल."

"कशानं अडकला?" आबांनी विचारलं.

मिस्त्रींनी रस्त्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "खड्डे लई हायेत. आपोआप अडकला."

आपोआप! हा शब्द त्या तोंडातून मी पहिल्यांदा ऐकला. जमलेली माणसंही एकमेकांकडे बघायला लागली.

आबांनी मान हलवली. "म्हंजी उद्याबी अडकंल. खड्डे काय उद्या बुजनार हायेत? न्हाई सुमे, बास. आज चालली तरी उद्याचा घोर ऱ्हातोच. ही आज दोर लावूनच घरी जानार." आणि ते खाली वाकून गाडीला दोर बांधायला जागा शोधायला लागले.

माझ्या डोळ्यांपुढे भावाचं पुण्यातलं घर आलं, गॅलरीतला झोपाळा आला, आणि "आत्या, डबा दे" म्हणणारी ती दोन गोड पोरं आली. पोरं गोडच होती, पण मला माझा वर्ग हवा होता. आबांनी दोराची पहिली गाठ मारली.

"आबा, थांबा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर लालभडक तांदळाचा एक दाणा होता. "हा कार्बनच्या खाचंत व्हता. खड्ड्याचा दोष न्हाई, मोटरीचाबी न्हाई. खंडेनवमीला म्या झाकन काढून अक्षता वाह्यल्या. माजी चूक."

मागून एक जण म्हणाला, "म्हंजी मिस्त्री, आपोआप न्हवतं?" आणि तो चढ हास्याने दणाणला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, एक जण तर बांधावरच बसला. वीस वर्षांचं उट्टं निघत होतं. मिस्त्री मान खाली घालून तो दाणा तळहातावर तसाच धरून उभे होते. त्यांची मला दया आली, आणि हसूही आवरेना.

आबा हसले नाहीत. त्यांनी दाणा चिमटीत धरून निरखला. "पुन्यांदा झाकन काढून पूजा करचाल?"

"मेलो तरी न्हाई."

आबांनी गाठ सोडली, दोर गुंडाळून टेम्पोत टाकला, टेम्पोची चावी जमलेल्यांतल्या एकाच्या हातात दिली आणि गुडघे पोटाशी घेऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसले. घेतल्यापासून पहिल्यांदाच. "चल," म्हणाले, "बघू तरी डबा कसा चालतो."

पुढच्या आठवड्यात मी दुकानात जाऊन मिस्त्रींचे आभार मानले. म्हटलं, "तो दाणा गवतात टाकून मोकळे झाला असता. माझ्यासाठी एवढी नामुष्की घेतलीत."

मिस्त्री कानकोंडे झाले. "खरं सांगू का बाई? टाकनारच व्हतो. पन मोटरीवर आळ आला असता. ती बिचारी काय बोलनार?"

माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. मी इथे गहिवरून आलेली आणि हे मोटरीसाठी! आतून पारूबाई वेढे मोजायचं सोडून म्हणाली, "बाई, आईकू नका त्यांचं. त्या दिसापासून दोन दिस जेवलं न्हाईत. म्हनत व्हते, माज्या हातानं बाईची शाळा गेली असती."

"तू मोज!" मिस्त्री खेकसले. पारूबाईने शांतपणे सगळे वेढे उलगडले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी मिस्त्री अचानक गेले. दहाव्याला नदीकाठी पाय ठेवायला जागा नाही एवढी गर्दी होती. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. एका पुढाऱ्याने माइक धरला. मिस्त्रींचं दुकान सोडा, त्याने स्वतःची विहीरही कधी बघितली नसेल. घसा साफ करून तो म्हणाला, "मिस्त्रींच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही!"

गर्दीत कुजबुज झाली, मग दबकं हसू. बायकांमध्ये बसलेली पारूबाई रडता रडता पदराआड हसली आणि तिने माझ्याकडे बघितलं. दहाव्याला आमच्यात बाया बोलत नाहीत. मी काठी टेकत उठले आणि माइकपर्यंत गेले.

"झाली होती," मी म्हटलं. "आणि ती त्यांनी चारचौघांत कबूल केली, म्हणून मी अजून मढच्या शाळेत शिकवते."

मग माइक खाली ठेवला आणि काठी टेकत पारूबाईशेजारी जाऊन बसले.