धावपट्टीच्या चौदा फांद्या

बर्फाळ उत्तरेतल्या कुस्कोक्विम नदीकाठच्या आमच्या गावात विमानाचा माणूस म्हणजे मी, इव्हन. नदी गोठली की तिच्यावर स्प्रूस झाडाच्या फांद्या दोन रांगांत रोवायच्या, की झाली धावपट्टी; वायरलेसवर पायलटला हवा सांगायची आणि सामान उतरवायला स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची गाडी, घेऊन हजर राहायचं. बावीस वर्षं हेच. माझ्याशिवाय इथे विमान उतरूच शकत नाही, असं मी बायकोला रोज ऐकवायचो. नास्तासिया म्हणायची, "मग पंख कशाला हवेत त्याला? तूच आण खांद्यावरून."

त्या जानेवारीत जोडी नावाची नवी पायलट यायची होती. पोरीचा पहिलाच हिवाळा. आभाळ आणि बर्फ एकाच रंगाचे झालेले, वरून फांद्यांखेरीज काही दिसणं शक्य नव्हतं. मी ऐटीत वायरलेसवर म्हणालो, "घाबरू नकोस गं. फांद्यांच्या मधोमध ये. इव्हनच्या फांद्या चुकत नाहीत!"

ती अगदी मधोमध आली. बर्फाची पातळ साय मोडून विमानाची चाकाच्या जागी असलेली डावी स्की खड्ड्यात गेली, विमानाने नाक खुपसलं आणि पंखा वाकला. मी धापा टाकत पोचलो. जोडी ओठ फुटलेल्या अवस्थेत बाहेर आली, बाकी धडधाकट. मी देवाचे आभार मानले आणि मग खड्ड्याकडे पाहिलं.

अरे देवा! तो माझ्याच मासे धरायच्या पिंजऱ्याचा खड्डा होता. आदल्या दिवशी पिंजरा सोडला, खुणेला फांद्या हव्या होत्या आणि रानात जायचा मला आला कंटाळा. म्हणून पट्टीच्याच चौदाच्या चौदा फांद्या उपटून तिकडच्या वाटेला दुतर्फा लावल्या. विमान यायच्या आत परत लावू म्हटलं, आणि साफ विसरलो.

विमानातल्या वायरलेसवर कंपनीचा साहेब गरजला, "चूक कुणाची?"

"माझीच," जोडी म्हणाली. "मला नीट दिसलं नाही."

"मग सामान बांध आणि घरी जा."

पोरीने ओठ पुसला आणि विमानातून आपली पिशवी काढायला लागली. आमच्याकडे वायरलेस घरोघरी दिवसभर चालू असतो. जे बोलेन ते चुलीपाशी बसलेली म्हातारीसुद्धा ऐकणार. बावीस वर्षांची शेखी! क्षणभर वाटलं, गप्प बसावं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

शेवटी मी बटण दाबलं. "साहेब, पोरीची चूक नाही. पट्टीच्या फांद्या मी माशांसाठी चोरल्या."

मग ओलिंका आत्याचा आवाज आला, "मासे किती मिळाले रे?"

जोडीची नोकरी राहिली. माझी गेली. साहेबाने विचारलं, "पट्टी आता कोण बघणार?" नास्तासियाने घरच्या वायरलेसवरूनच उत्तर दिलं, "मी."

आता जोडी वरून विचारते, "मावशी, उतरू का?"

"थांब गं," नास्तासिया सांगते, "आमच्या ह्याने काही उपटलंय का बघते आधी." आणि मी स्लेजची दोरी धरून, साऱ्या गावासमोर, गुमान उभा असतो.