तिसऱ्या सिलिंडरची फुसफुस

आमच्या गल्लीत तिला सगळे सूनबाई म्हणतात. गिऱ्हाइकंसुद्धा. खरं तर ती सून मिस्त्रींची. पण मिस्त्रींचं गॅरेज इतकं जुनं आणि नाव इतकं मोठं, की त्यांच्या घरात आली ती सगळ्या गल्लीचीच सून झाली. मी शेजारी गाड्यांची सीटकव्हरं शिवतो. मध्ये पत्र्याची भिंत आहे. तिकडे पाना पडला तरी इकडे माझा टाका चुकतो.

लग्नानंतर तिला काउंटरवर बसवलं होतं. नवरा बोलघेवडा, गिऱ्हाईक सांभाळावं तर त्यानंच, पण काळं तेल बघितलं की त्याच्या अंगावर काटा. ही मात्र काउंटर सोडून मिस्त्रींच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. एक दिवस ते वैतागून म्हणाले, "नुसती बघतेस काय? धर हे." तिनं जे धरलं ते सोडलंच नाही. इंजिन खोलणं, बांधणं, टर्बो उतरवणं, सगळं त्यांच्याच हाताखाली शिकली. तिला ते शिव्याही मन लावून द्यायचे, आणि तीही मान खाली घालून ऐकणाऱ्यांतली नव्हती.

तर मागच्या वर्षी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी परत आली. टर्बोवाली, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली मोठी गाडी. बाईंना गोठ्यागोठ्यातून फिरावं लागे, म्हणून तिचं इंजिन मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं नवं बांधून दिलं होतं. पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल गळायला लागलं. तेल अडवणारं सील बदललं. पुन्हा गळलं. पुन्हा बदललं. या वेळी तर तेल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून वर उसळली होती आणि बॉनेटखाली सगळीकडे तेलाचा सडा पडला होता.

मिस्त्रींनी एक नजर टाकली आणि निकाल दिला. "टर्बो गेला."

नवऱ्यानं लगेच नव्या टर्बोसाठी फोन काढला.

"थांबा जरा," सूनबाई म्हणाली. "तेल बाहेर येतंय कारण आत दाब साठतोय. दाब कुठून येतो ते आधी बघू या."

मला हे तिनंच नंतर समजावलं होतं, म्हणून सांगतो. कुठल्याही इंजिनात जळलेल्या वायूचा थोडा भाग पिस्टनच्या कडेनं निसटून खाली तेलाच्या भागात उतरतो. तो बाहेर काढायला नळ्या असतात. नळी तुंबली, किंवा टर्बोनं दाबलेली हवा उलटी आत शिरली, किंवा पिस्टनवरच्या रिंगाच नीट बसल्या नाहीत, की खाली दाब वाढतो. मग तेल फट सापडेल तिथून बाहेर पडतं. सील बदलणं म्हणजे घरात भांडण चालू असताना दाराची कडी बदलणं.

तिनं तेलपट्टीच्या नळीला दाबाचं मीटर जोडलं. इंजिन नुसतं चालू ठेवलं की तिथं थोडी ओढ दिसायला हवी. इथं काटा उलट्या बाजूला गेला, म्हणजे आत दाब होता. मग तिनं नळ्या काढून फुंकून पाहिल्या, सगळ्या मोकळ्या. हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्हही ठीक होता. राहिला टर्बो. टर्बोतलं तेल ज्या नळीनं इंजिनात परत येतं ती तिनं सोडवून एका डब्यात टाकली, इंजिनाचं भोक बुचानं बंद केलं आणि इंजिन जरा वेळ चालवलं. आता टर्बोचा खालच्या भागाशी काही संबंधच उरला नव्हता. काटा तसूभरही हलला नाही, म्हणजे दाब टर्बोचा नव्हता.

मग तिनं एकेका सिलिंडरचा पिस्टन वर आणून त्यात बाहेरून हवा भरली आणि तेल ओतायच्या तोंडाशी कान लावला. तिसऱ्याला स्पष्ट फुसफुस ऐकू आली. हवा रिंगांच्या कडेनं पळत होती.

रिंगा मिस्त्रींनी बसवलेल्या होत्या.

ती सरळ त्यांच्याकडे गेली. "मामंजी, तीन नंबरला हवा जातेय. तुम्ही ऐका एकदा."

"ऐकायचं काय त्यात? टर्बो म्हटलं ना?"

"टर्बो वेगळा करून बघितला."

"मग पुन्हा बघ." ते उठून घरात निघून गेले.

घर गॅरेजच्या मागेच होतं; तिथलं सगळं मला सूनबाईनंच नंतर सांगितलं. दुपारी जेवताना विषय निघाला. नवरा म्हणाला, "अगं, इंजिन खोल, रिंगा बदल, कोण नाही म्हणतंय? बाईंना टर्बो बदलला म्हणून सांगू. कुणाला कळणार आहे?"

"मला कळणार आहे," ती म्हणाली.

सासूबाई वाढता वाढता थांबल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी. त्यांनी जन्मभर नाव कमावलंय."

"मूठ झाकेल, आई. तेल झाकत नाही. चांगल्या टर्बोवर खोटं बिल मी फाडणार नाही."

"आमच्याच घरात राहून आमच्याशीच?" नवरा म्हणाला.

"तुमच्याच घरात शिकले हे. शिकवायचं नव्हतं मग."

मिस्त्री मान खाली घालून जेवत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. मी मुद्दाम धाग्याचं रीळ मागायच्या निमित्तानं तिकडे गेलो होतो. उगाच सोवळेपणा कशाला आणू? मिस्त्री पुढे झाले आणि म्हणाले, "टर्बो बदलावा लागेल."

"नाही लागणार," मागून सूनबाई म्हणाली. "टर्बो चांगला आहे. चूक आमच्या कामात आहे. इंजिन पुन्हा खोलू, आमच्या खर्चानं."

नवऱ्यानं डोळ्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

मिस्त्री हळूच म्हणाले, "माझ्या गॅरेजात, माझ्या गिऱ्हाइकासमोर?"

"काल एकट्याला सांगितलं होतं. तुम्ही उठून गेलात." तिनं ऐकायला रबरी नळीचा तुकडा त्यांच्यासमोर धरला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. ऐका, आणि मग सांगा टर्बो आहे म्हणून. तुम्ही ऐकून म्हणालात, तर मी स्वतः टर्बो उतरवते."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऐका ना, मिस्त्री. गाय बोलत नाही म्हणून आम्हीही कानच लावतो."

मिस्त्रींनी नळी घेतली, एक टोक तेल ओतायच्या तोंडात सोडलं आणि दुसरं कानाला लावलं. तिनं पहिल्या सिलिंडरमध्ये हवा भरली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्यांनी हातानं खूण केली: पुन्हा. तिनं पुन्हा भरली. चौथ्यावरून परत तिसऱ्यावर यायला लावलं. त्यांचा कान उभ्या गावात नावाजलेला. त्या कानाला खोटं सांगणं त्यांनाही जमलं नाही.

"तीन," ते म्हणाले. नळी ठेवली आणि आत गेले.

इंजिन खोललं. तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग मोडली होती आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडले होते. रिंग बसवतानाच तडकली असणार. मिस्त्री बघायला आले. रिंगेचा तुकडा उचलायला गेले, तर तो बोटांतून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा सूनबाईनं त्यांचा हात धरला आणि तुकडा तळव्यावर ठेवला.

"हाताला लागतंय का काही, मामंजी?"

"नाही," ते म्हणाले. "बोटांची टोकं मेलीत. बरेच दिवस झाले."

तेव्हा उलगडलं, की सासूबाई रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होत्या आणि हे दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. झाकलेली मूठ ती होती.

ओरखडे काढून, नव्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घालून सूनबाईनं इंजिन बांधलं. या वेळी मीटरचा काटा जिथं असायला हवा तिथं आला. गाडी गेली. पण मिस्त्री गॅरेजात यायचे थांबले.

गल्लीत चर्चा झालीच. सासऱ्याची अब्रू वेशीवर टांगली, असं लोक म्हणाले. दोनचार जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. नवऱ्यानं हाच मुहूर्त साधला आणि म्हणाला, "आता बाबांनी विश्रांती घ्यावी. त्यांचं स्टूल काढतो, तिथं कॉम्प्युटर बसवू."

"स्टूल हललं तर मीही निघाले," ती म्हणाली.

"अगं, तूच तर त्यांना चुकीचं ठरवलंस."

"रिंग चुकली म्हटलं मी. माणूस भंगारात घाला म्हटलं नाही. हात गेलेत, कान आहेत, डोकं आहे. आणि मला अजून अर्धं शिकायचंय."

हे भांडण त्या पत्र्यातून मी शब्दन् शब्द ऐकलं. शेवटी नवऱ्यानं कॉम्प्युटर काउंटरवर नेला.

मग ती घरात सासऱ्यांकडे गेली. ते खिडकीशी बसले होते, शर्टाचं वरचं बटण उघडं.

"मी माफी मागायला आले नाही," ती म्हणाली.

"मग कशाला आलीस?"

"एक गाडी आलीय. आवाज कळत नाही."

"खोटं बोलतेस."

"हो. पण चला."

"लोकांसमोर बोललीस तू."

"पुन्हा तसंच झालं तर पुन्हा बोलेन."

सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या पुढे आल्या, बटण लावलं आणि म्हणाल्या, "जा आता. घरात बसून माझं डोकं खाता."

ते आले. "तुझं बरोबर होतं" असं त्यांनी तिला कधीच म्हटलं नाही, आणि तिनंही वाट पाहिली नाही. पण कुणी दबक्या आवाजात तो विषय काढला, की मिस्त्री स्वतःच मोठ्यानं सांगतात, "रिंग मी मोडली. सापडली हिला." आता पाना तिच्या हातात असतो आणि नळी त्यांच्या कानाला. एकमत फारसं होत नाही. परवाच एका गाडीवरून जुंपली होती. ते म्हणत होते व्हॉल्व्ह, ती म्हणत होती तुंबलेली नळी. त्या खेपेला व्हॉल्व्हच निघाला. मिस्त्री दिवसभर गुणगुणत होते, आणि सूनबाईनं चहासुद्धा आदळून ठेवला.