पहिल्या रांगेतले फादर

नाटकात पाद्र्याची टिंगल सुरू झाली आणि सभागृह हसू लागलं. मी मात्र शेजारी बसलेल्या आमच्या फादरांचा हात पाहत होतो. खुर्चीचा दांडा त्यांनी घट्ट आवळून धरला होता.

काही तरुण मुलांनी बसवलेलं हे नाटक बंद पाडावं म्हणून आमच्या चर्चच्या एकशे सदतीस जणांनी सह्या केल्या होत्या, माझीही होती. फादर कॉलेजात राज्यघटना शिकवतात, म्हणून अर्ज त्यांच्याकडेच नेला.

"फादर, फक्त कलम तेवढं घाला," अर्ज पुढे करत आमच्यातले पेद्रूकाका म्हणाले.

"कुठलं घालू? ज्या घटनेच्या जोरावर मी दर रविवारी प्रवचन देतो, तिच्याच जोरावर ती मुलं नाटक करतात."

"म्हणजे तुम्ही आमचे की त्यांचे?"

"मी तिकीट काढलंय, काका. पहिल्या रांगेचं."

मग मीही त्यांच्या शेजारचं तिकीट काढलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला टिंगलीचं काही वाटत नसेल, असं मी धरून चाललो होतो. माझा अंदाज चुकला. त्यांनाही आमच्याइतकंच लागत होतं. आपल्याला लागलं म्हणून दुसऱ्याचं तोंड बंद करायचं नाही, हे वर्गात सांगणं वेगळं आणि असं दोन तास बसून सोसणं वेगळं.

पडदा पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फादरांनी नाही वाजवल्या. तोही त्यांचा हक्कच होता.