सात पॉइंटांचे बडे बाबू

"घ्याले काय, कोणीबी घेते. द्याले जिगर लागते," असं म्हणून बडे बाबू डोक्यावरची निळी टोपी काढत, आत एक फुंकर मारत आणि परत घालत. टोपीत काय जायचं देव जाणे. पण फुंकर मारली की समजावं, कुठल्यातरी टीममधला खेळाडू फोडायचा बेत शिजतोय.

बडे बाबू आमच्या ऑफिसात हेडक्लार्क. त्यांचे आजोबा भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी सांगलीहून बदलून आले, तेव्हा माझं अक्षर पाहून त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला चौबे कॉलनीच्या बेसबॉल टीमची स्कोरर करून टाकलं. बेसबॉल मी तोवर पाहिलाही नव्हता. "मले तरी कुठं समजत होता, मॅडम? पाहता पाहता समजते," एवढंच माझं शिक्षण.

तुम्हालाही ठाऊक नसेल म्हणून सांगते. शहरात सहा टीम. कमिटीनं प्रत्येक खेळाडूला एक ते दहा पॉइंट दिलेले, आणि कुठल्याही टीमची बेरीज साठाच्या वर जाता कामा नये. मे महिन्यात खेळ बंद, अदलाबदल चालू. आमची बेरीज बरोब्बर साठ. म्हणजे एक घ्यायचा तर तेवढ्याच वजनाचा द्यायचा.

या साठांतले सात खुद्द बडे बाबूंचे होते, कारण ते आमचे मॅनेजर, आणि मॅनेजरलाही खेळाडू म्हणून नाव नोंदवावं लागे. कमिटी दर वर्षी म्हणे, वय झालं, तुमचा एकच पॉइंट करू. बडे बाबू दर वर्षी टेबलावर हात आपटत, "काहून? हात मोडला का माझा?" तरुणपणी ते सातचे होते, आणि सातचेच राहणार होते. अख्ख्या हंगामात हातात बॅट घेत ती पुसण्यापुरती. आम्ही सगळे त्या वाया गेलेल्या पॉइंटांच्या नावानं बोटं मोडायचो. मी तर जरा जास्तच.

आमचा चेंडू फेकणारा पिचर म्हणजे तोफ. पण त्याचा चेंडू मागे बसून झेलणाऱ्या आमच्या कॅचरच्या हातातून ओल्या साबणासारखा निसटायचा. त्यापायी दोनदा फायनल गेली. बडे बाबूंना निवृत्त होण्याआधी एकदा तो कप हवा होता. "फक्त उचलून पाहायचा हाय, मॅडम. किती जड हाय ते," असं म्हणून ते चक्क लाजत.

एकदा मी कुकर घ्यायला गोल बाजारात गेले, तर भांड्यांच्या दुकानासमोर बडे बाबू उभे. माळ्यावरचा माणूस गंज, तांबे, कढया खाली फेकत होता आणि खालचा दुकानदार गिऱ्हाइकाशी भाव करता करता एकेक झेलत होता. बडे बाबूंनी टोपीत फुंकर मारली.

"पाहून राहिले ना? डोळे गिऱ्हाइकाकडं, हात भांड्याकडं. तात्यापाऱ्याच्या टीमचा कॅचर हाय हा. सात पॉइंट. हा आपल्याले पायजे."

झालं, ऑफिसच्या कूलरसमोर डबे उघडले की सौदे सुरू. तात्यापाऱ्याच्या कप्तानाचं मोबाइलचं दुकान होतं. फोनवर बडे बाबू त्याला कधी दोन खेळाडू देऊ करत, कधी तीन. एकदा वरून बायकोच्या हातच्या लोणच्याची बरणीही. "बाबूजी, अचार का पॉइंट नहीं होता," असं उत्तर आलं. बरणी तरीही गेली आणि रिकामी परत आली.

शेवटी तो कप्तानच ऑफिसात येऊन खुर्ची ओढून बसला. "हमारे यहाँ पंद्रह लड़के हैं और पंद्रह कप्तान. रोज झगड़ा. आप ही आ जाओ, बाबूजी. सात के बदले सात. कैचर ले जाओ."

गंमत म्हणून बोलला होता. आम्ही खो खो हसलो. बडे बाबू हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, पण फुंकर मारली नाही. नुसते आत बघत राहिले.

"हव," म्हणाले.

"अहो, आणि तुमचा कप?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कप टीमले पायजे ना, मॅडम. मी काय, बॅटच पुसत होतो."

मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. फाइलीसुद्धा शिपायाच्या हाती पाठवल्या. ज्या सात पॉइंटांच्या नावानं मी बोटं मोडली, त्यांनीच आम्हाला कॅचर मिळवून दिला, याची मला लाज वाटत होती आणि राग मात्र त्यांच्यावर काढत होते.

पुढचा हंगाम म्हणजे निव्वळ धमाल. मी टेबलाजवळून गेले की बडे बाबू आपला डावपेचांचा कागद फाइलखाली झाकत. मीही स्कोरबुक कुलपात ठेवू लागले. भांडेवाला आमच्याकडे सगळं झेलत होता. आणि तात्यापाऱ्याचे पंधरा कप्तान गुमान एका माणसाचं ऐकू लागले होते. मग काय, फायनलला समोरासमोर आम्ही आणि ते!

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं पुढे, त्यांचा एकच गडी बाद व्हायचा बाकी. नेमका त्यांच्या बॅटिंगला येणाऱ्या पोट्ट्याचा पाय मुरगळला आणि बॅट घेऊन बडे बाबू आले. दोन चेंडू हुकले. तिसराही हुकून कॅचरच्या हातात गेला की बाद. तिसऱ्यावर त्यांनी अशी बॅट फिरवली की टोपी उडाली. चेंडू मागे भांडेवाल्याच्या हातमोज्यात थाडकन बसला.

पंचाचं तोंड उघडायच्या आत बडे बाबूच ओरडले, "आऊट! आऊट! पाहिलं? म्या म्हटलं होतं ना, हाच पायजे!" आणि भांडेवाल्याला मिठी मारून नाचू लागले. तात्यापाऱ्याची पोरं डोक्याला हात लावून आपल्या मॅनेजरकडे बघत होती.

आम्ही कप घेऊन धावत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाही. मी तात्यापाऱ्याचा हाय. दुसऱ्याच्या कपाले हात नाही लावत."

मी म्हटलं, "बडे बाबू, आमच्या बोटांचे डाग पडलेत त्याच्यावर. पुसून तरी द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, कप सावकाश चौफेर पुसला आणि पुसता पुसता रुमालातूनच हलकेच वर उचलला, छातीपर्यंत.

"जड हाय," म्हणाले, आणि माझ्या हातात देऊन, खाली पडलेली टोपी उचलून तात्यापाऱ्याच्या बाकाकडे चालू लागले.