दोरी नसलेलं पेन

पत या विषयावर मी लिहावं, हे धाडसच आहे. वाचकांनी माफ करावं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि मोबाइलचे तीन हप्ते चुकवून पत घालवणाराही पहिलाच. त्यामुळे एम.एस्सी.साठीचं कर्ज नाकारलं गेलं आणि प्रवेश वर्षभर लांबला.

बँकेतलं पेन काउंटरला दोरीनं बांधलेलं असतं. कर्ज नाकारलं गेलं त्या दिवशी ते उमटत नव्हतं, म्हणून कर्ज विभागातल्या मॅडमनी पर्समधलं स्वतःचं दिलं. म्हणाल्या, "थोडे पैसे मुदत ठेवीत टाक, त्यावर छोटं क्रेडिट कार्ड मिळेल. त्यावरून फक्त रिचार्ज कर आणि बिल तारखेआधी भर. वर्षभर. जमेल?"

मी मान हलवली. एसटी स्टँडवर खिशात हात घातला, तर त्यांचं पेन! धावत परत गेलो.

त्या हसल्या. "अरे, पळत कशाला आलास? उद्या आणलं असतंस."

ज्याला बँकेचा संगणक नको म्हणत होता, तो पेन परत आणणारच, असं धरून त्या इतक्या सहज बोलून गेल्या. पुढे वर्षभर मी प्रत्येक बिल तारखेआधी भरलं, ते त्या वाक्याला जागण्यासाठी. पत कमवावी लागते हे खरंच. पण थोडीशी आधी कुणीतरी द्यावीही लागत असेल. मी चुकतही असेन.

काल त्यांचा फोन आला. "कर्ज मंजूर झालं रे! उद्या सहीला ये. आणि पेन आणू नकोस, माझं आहे."